डावा बूट

नाड्या खिडकीच्या गजाला टांगल्या आहेत.
आतला सोल निघाला, पालथा पडलाय फरशीवर.
जिभेच्या घडीत खारघरच्या डोंगराचा तांबडा चिखल
जुन्या टूथब्रशने खरवडते आहे,
टाचेच्या शिवणीत घुसलेलं कुसळ सुईने काढते.
कोमट पाणी. साबण नखभर.
मग बोळे: फ्लॅटच्या जाहिरातींच्या पुरवण्या
बोटांच्या टोकापर्यंत कोंबायच्या,
तासाभराने बदलायच्या.
उन्हात नाही, गॅसजवळ तर नाहीच,
पंख्याखाली. चामड्याला घाई सोसत नाही.
ओल किंचित उरली असतानाच
मेणाची डबी उघडायची आणि बोटानेच लावायचं,
जिथे बूट चालताना वाकतो तिथे जरा जास्त.
तहानलेली जागा स्वतःच ओढून घेते.

बाबा उंबऱ्यावर.
"येवरासाच? होरीला असा चोळला
त वाशीच्या पुलापरत जायाची नाय."

दिवाळ्याच्या धक्क्यावर त्यांची होडी पालथी आहे,
नारळी पुनवेला आठवडा उरलाय,
गावभर मुशीच्या तेलाचा वास.
फळीफळीच्या सांध्यात कापूस ठासायचा,
वर तेल, पुन्हा तेल,
लाकूड "पुरे" म्हणेपर्यंत.
पन्नास वर्षं त्यांनी एकच काम केलंय:
पाणी बाहेर ठेवायचं.

म्हणून मागच्या बुधवारी,
मी तुर्भ्याच्या लॅबमधून रात्रपाळी करून आले तर
डावा बूट ओट्यावर चकाकत होता,
काळा, जड, शेवंडासारखा,
आणि त्याच्याभोवती गल्लीतली चार मांजरं
आदराने बसलेली.
उजव्यापर्यंत पोचायच्या आत डबा संपला होता.

मी ओरडले. मग समजावलं.
की कातड्याच्या आत एक पापुद्रा आहे,
कांद्याच्या सालीहून पातळ,
त्याला भोकं आहेत, डोळ्यांना न दिसणारी.
थेंब त्यातून आत शिरत नाही,
वाफ मात्र बाहेर पडते.
तेलाने वरचं चामडं माखलं
की वाफेची वाट बंद.
"भोका हान," ते म्हणाले, "न बुडत नाय?"
"नाही बुडत."
ते हसले. माझी दया आली असावी.

रविवारी शाळेची बावीस मुलं घेऊन वर गेले.
तीन ओढे, घोट्यापर्यंत.
उजवा पाय घरात असल्यासारखा कोरडा.
डावा पचपचत होता, पावलागणिक,
मोजा पिळला तर अर्धी वाटी.

घरी आल्यावर बाबांचा चेहरा उजळला.
"बग, शिरला ना पानी. कमी परला तेल."
मी काही बोलले नाही. बूट पुढे केला.
त्यांनी हात आत घातला, थेट पंजापर्यंत,
तळाशी बोट फिरवलं,
आणि ते जिभेवर ठेवलं,
जसं ते खाडीचं पाणी चाखतात
भरती कुठवर आली ते बघायला.

थांबले.
"खारा हाय."
डोंगरावर खारं पाणी नसतं हे त्यांना ठाऊक होतं.

बराच वेळ बूट मांडीवरच होता.
मग उठून आत गेले,
तांदळाचं पीठ आणलं, परातीत ओतलं,
आणि डावा बूट त्यात लोळवला,
तळायच्या बोंबलासारखा.
तीन रात्री. रोज पीठ बदलून.
तेल निघालं, सगळं नाही.

आता दोन्ही बूट शेजारी ठेवलेत,
डावा एक छटा काळसर, तसाच राहणार.
उद्या मगभर पाणी वर ओतून बघेन
थेंब गोळा होऊन घरंगळतात का.

बाबा होडीकडे निघालेत, डबा हातात.
गल्लीच्या तोंडाशी वळले.
"त्या पापुद्र्याला," तिथूनच विचारलं,
"कलतं कसा, कोन घरचा न कोन बाहेरचा?"

मी भोकांचा आकार सांगू लागले,
थेंब केवढा, वाफ केवढी.
ते कोपऱ्यावरून वळून गेले होते,
मांजरं त्यांच्या मागे.